खंडेनवमीचा संप

मी आयुष्यात एकच संप केला. तो विलायतेत केला, आणि तो सुरू झालाय हे मला स्वतःला जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी कळलं.

मी मोशीच्या लोहाराचा मुलगा. शाळा पाचवीत सोडली (शाळेचं म्हणणं थोडं वेगळं आहे, तिच्या मते तिनं मला सोडलं). पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता, तिथं हेल्पर म्हणून चिकटलो. हात बरा चालतो एवढ्या एका गुणावर मोठ्या साहेबांनी मला वर्षभर शिकायला इंग्लंडला धाडलं. कागदावर मी चक्क 'विद्यार्थी' होतो. पाचवीनंतर एकदम विलायत. मधल्या इयत्ता मी बोटीनं ओलांडल्या. वर्षाच्या शेवटी तिथल्या कारखान्याचं सर्टिफिकेट मिळालं तर पिंपरीत फिटर, नाही तर पुन्हा हेल्पर. आणि दादा, म्हणजे माझे वडील, मी बोटीत पाय ठेवायच्या आधीच अख्ख्या मोशीला सांगून मोकळे झाले होते की पोरगा फिटर झाला. तेव्हा त्या सर्टिफिकेटची निकड माझ्यापेक्षा त्यांना जास्त होती.

निघताना साहेबांनी केबिनमध्ये बोलावून बजावलं, "तिथं काय खाल्लंस, काय प्यालास, मी विचारणार नाही. पण संप, युनियन असल्या भानगडीत दिसलास, तर पुढच्या बोटीनं परत."

मी म्हटलं, "साहेब, मी तर सायकलची घंटीसुद्धा भीतभीत वाजवतो."

इंग्लंडात मी येस, सर आणि थँक्यू या तीन शब्दांवर चार महिने काढले. बसच्या कंडक्टरला थँक्यू, फोरमनला थँक्यू, एकदा धुक्यात दिव्याच्या खांबाला धडकलो तर त्यालाही थँक्यू. घरमालकीणबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, अजून बटाटे वाढू? मी आपल्या रीतीनं 'नको' म्हटलं आणि दुसऱ्या आग्रहाची वाट बघत बसलो. बाईंनी भांडं उचलून नेलं. तो दुसरा आग्रह आजतागायत आलेला नाही. पण तक्रार करायची माझी छाती नव्हती. एवढ्या लांब आणून, फुकट शिकवून, वर बटाटे घालणाऱ्या माणसांना काय बोलायचं?

अशात ऑक्टोबरात दादांचं पत्र आलं. दादांना लिहिता येत नाही. ते बोलतात आणि शाळेचे मास्तर जसंच्या तसं उतरवून घेतात, त्यामुळे पत्र उघडलं की दादा थेट खोलीतच उभे राहतात. 'खंडेनवमी कवा हाय त्याची इंग्रजी तारीख मास्तरांनी काढून दिली हाय, ती वर लिवली. हत्यारांची पूजा कर. त्या दिशी हत्याराला इसावा. एक घाव घालायचा न्हाई. तिकडचा सायब काय बोलला तर म्हनावं, बाचा निरोप हाय.'

सातासमुद्रांपलीकडून दादांचा हात माझ्यापर्यंत पोचणार नाही हे मला कळत होतं. तरीही कान तापला. इकडं फोरमन, तिकडं दादा. रात्रभर विचार करून मी मधला मार्ग काढला: सकाळी भोंग्याआधी पूजा उरकायची, दिवसभर हत्याराला शिवायचं नाही, पण बाकी सांगाल ते काम करायचं. ओझी वाहीन, चहा आणीन, झाडलोट करीन. दादा खूश, फोरमन खूश. (मी स्वतःच्या डोक्यानं आखलेला आयुष्यातला हा पहिला बेत. दुसरा अजून आखलेला नाही.)

ट्रंकेत आईनं बांधून दिलेली कुंकवाची पुडी होती, सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या होत्या. फुलं मालकीणबाईंच्या परसात. बाईंनी डोळा मिचकावून विचारलं, कुणासाठी? मी खरं ते सांगितलं, हातोड्यासाठी. बाईंनी आणखी दोन फुलं खुडून दिली. परदेशात पोरांच्या डोक्यावर परिणाम होतो, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं असणार.

सकाळी बाकावर कानस, छिन्नी, हातोडा ओळीनं मांडले, कुंकू लावलं, फुलं वाहिली, हात जोडले. भोंगा झाला. फोरमन एक ओबडधोबड लोखंडी तुकडा घेऊन आला, म्हणाला, हा घासून सरळ कर. आठवडाभर पाठ केलेलं वाक्य मी एका दमात म्हटलं.

"आज हत्यारांना विश्रांती, साहेब."

"असं कोण म्हणतं?"

"माझे वडील."

"ते कुठल्या खात्यात असतात?"

"मोशी, साहेब."

हे खातं नक्की कुठल्या मजल्यावर आहे याचा फोरमन विचार करत राहिला. तेवढ्यात कामचुकार दिसू नये म्हणून मी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि झाडायला लागलो. (झाडूही हत्यारच की, असं मनात आलं होतं. पण त्याची पूजा दिवाळीत असते, तेव्हा त्याचा हिशेब वेगळा.) आमच्याकडे झाडणाऱ्याच्या हातचं काम कुणी घेतलं तर तो बिडी पेटवून निवांत बसेल. इथला झाडूवाला म्हातारा धावत आला, झाडू हिसकावला आणि 'माझं काम दुसऱ्याला देतायत' असं ओरडत तडक युनियनच्या पुढाऱ्याकडे गेला.

पुढाऱ्याचं नाव बर्ट. काडीसारखा माणूस, कानावर पेन्सिल. हात धुवायच्या जागी गरम पाणी मिळावं म्हणून तो दोन वर्षं अर्ज करत होता, आणि एखाद्या चांगल्या निमित्ताच्या शोधात होता. त्यानं मला हत्यारं खाली ठेवलीस का विचारलं. मी म्हटलं, येस सर. मग कामाला नाही म्हणालास म्हणून फोरमननं तुला झाडू धरायला लावला का, असं काहीसं विचारलं. त्यातले 'फोरमन' आणि 'झाडू' मला कळले. दोन्ही समोरच होते. येस सर. शेवटी तो म्हणाला, मग आम्हीही ठेवतो. मला वाटलं काहीतरी सौजन्याचं बोलतोय. थँक्यू सर.

पाच मिनिटांत पहिलं लेथ बंद पडलं. मग ड्रिल, मग यंत्रं फिरवणारे सगळे पट्टे. एवढ्या मोठ्या शेडमध्ये चिमणीचा आवाज येईल अशी शांतता. ऐंशी इंग्रज यंत्रांपासून हात काढून उभे!

मला वाटलं, पाहुण्याचा सण म्हणून सगळा कारखाना विसावा पाळतोय. काय ही माणसं! मी कुंकवाची पुडी घेतली आणि एकेका यंत्राला बोट लावत निघालो. प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. हिंदुस्थानात चळवळीची अशीच पद्धत असेल असं समजून त्यांनी टोप्या काढल्या. बर्टनं तर कुंकवाचं बोट स्वतःच्याच कपाळाला लावून घेतलं आणि खोक्यावर चढून भाषण सुरू केलं.

त्या भाषणात तो शब्द आला. स्ट्राइक. पाचवीत सुटलेल्यालाही हा शब्द येत होता. साहेबांनी केबिनमध्ये नीट शिकवून पाठवला होता. वर पाहतो तर मॅनेजर काचेच्या खोलीतून जिना उतरतोय. मला पुढची बोट दिसली, बोटीत मी दिसलो, आणि धक्क्यावर दादा. मी बाकाकडे धावलो. पूजा गेली खड्ड्यात, कानस घासायला लागलो की संप मोडेल एवढंच डोक्यात होतं. कानस उचलली, तिच्यावरचं फूल खाली पडलं, आणि मागून दोघांनी मला घट्ट धरलं. मी ती मॅनेजरवर चालवणार असं त्यांना वाटलं होतं.

"सबूर, पोरा," बर्ट कानात म्हणाला. "मारामारी नको. आपण जिंकतोय."

मॅनेजरच्या खोलीत बर्टनं कागदच पुढं केला: गरम पाणी, आणि चहाच्या सुट्टीला पाच मिनिटं जास्त. मॅनेजर माझ्याकडे वळून सावकाश म्हणाला, "आणि तुला काय पाहिजे?"

मला रडू फुटलं. "सर्टिफिकेट, साहेब. फक्त आजचा दिवस. उद्या हत्यारं कामाला. उद्या दुप्पट काम." 'दुप्पट' म्हणताच बर्टनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

मॅनेजरनं त्यातला एकच शब्द उचलला. "उद्या? नक्की?"

"उद्या दसरा, साहेब."

दसरा म्हणजे काय, असं त्यानं बर्टला विचारलं. बर्ट पापणी न हलवता म्हणाला, "आमची मुदत." मॅनेजरनं सही केली.

घरी मी एवढंच कळवलं की पूजा झाली, सगळ्या कारखान्यानं विसावा पाळला, मोठा साहेब स्वतः खाली उतरला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मास्तरांनी उलट टपाली लिहिलं की दादा हे पत्र घेऊन चाकणच्या बाजारापर्यंत जाऊन आले.

पण वर्ष संपेपर्यंत मॅनेजर दिसला की मी खांबाआड व्हायचो. शेवटी मॅनेजरनं हसत सर्टिफिकेट हातात ठेवलं. कामाच्या रकान्यात 'चांगले'. खाली स्वतःच्या अक्षरात, कौतुकानं, एक ओळ जास्तीची: 'हा मनुष्य एका वाक्यात ऐंशी कामगारांना आपल्यामागे उभे करतो.'

पिंपरीला साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा वाचली. मग माझं अभिनंदन केलं आणि शब्दाला जागून मला फिटर केलं. फक्त जागा दिली ती कंपाउंडच्या पार टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये, एका बाकावर, एकट्याला. तीन वर्षं झाली. तिथं पुढारी मीच आणि कामगारही मीच, आणि खरं सांगायचं तर कामगार पुढाऱ्याला काडीची किंमत देत नाही.