घेरीचे कारण शोधत मद्रासला

सोलापुराहून मद्रास मेल सुटली तेव्हा माझे डोके दगडासारखे जड होते. आठ महिने हे असेच चालले होते. मान वळवली की जमीन सरके. एकदा मुलीला कडेवर घेऊन उंबरा ओलांडताना माझा तोल गेला. तिला लागले नाही, पण त्या दिवसापासून सासूबाई तिला माझ्याकडे देईनात. "आधी बरी हो," म्हणत. त्यांचे चुकत नव्हते. मेंदूत काही झाले असेल, ही धास्ती मात्र मी कोणाजवळ बोलले नाही.

यांच्या कचेरीतले एक सोबती मद्रासला बदलून गेले होते. तिकडे चांगले डॉक्टर आहेत, असे त्यांनी कळवले, म्हणून निघालो. मुलगी सासूबाईंजवळ राहिली.

गुंतकल मागे पडले आणि डब्यातली बोली बदलली. खिडकीतून ताडाची झाडे दिसू लागली. सकाळी मद्रासला उतरताना मला घेरी आली. हमालाने वळकटी टाकून मलाच धरले. मी लाजेने मेले.

मद्रासच्या मांबळम भागात सीताबाईंच्या घरी त्या सोबत्यांनी खोली पाहून ठेवली होती. त्या तंजावरकडच्या मराठी. बोलणे जुन्या पोथीसारखे, मध्येच तमिळ. त्यांनी पितळी पेल्यातून वाटीत उंचावरून कॉफी ओतली. ती धार पाहूनच माझे डोके फिरले, पण कॉफी फार चांगली होती.

दुसऱ्या दिवशी त्या मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. हे बाहेर बाकावर बसले. म्हातारे डॉक्टर म्हणाले, "तलै सुत्तुदा?" (डोके फिरते का?) मी मान हलवली. मग त्यांनी कान दाखवायला सांगितले. परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर कसा काढू? मी तशीच बसले.

"अगे, काढ की," सीताबाई म्हणाल्या. "कान दाखवायला लाज, मग तोंड कसें दाखविलीस?"

मी पदर खांद्यावर घेतला. डॉक्टरांनी उजव्या कानात डोकावून पाहिले आणि कोमट पाणी मागवले. मोठ्या पिचकारीने ते कानात सोडले, मग चिमट्याने काहीतरी ओढले. ताटलीत काळा, तेलकट गोळा पडला.

"पंजु," डॉक्टर म्हणाले. (कापूस.)

मी ओळखला. बाळंतपणात वारा शिरू नये म्हणून सासूबाईंनी माझ्या दोन्ही कानांत बोळे घातले होते. एक मी काढला. दुसरा कुठेतरी पडला असे मला वाटले. पुढे डोके जड होऊ लागले तशा सासूबाई दर शनिवारी लसणीचे कोमट तेल कानात घालीत. डोके आणखी जड झाले की तेलही आणखी.

सीताबाईंनी हे डॉक्टरांना तमिळमध्ये सांगितले आणि हसून हसून डोळे पुसले. "बाळ चालूं लागलें, बोळा निघाला नाहीं!"

डॉक्टरही हसले. मेंदूला काही नाही, दोन दिवसांत घेरी जाईल, कानात तेल घालू नका, असे त्यांनी सांगितले. बाहेर येऊन मी यांना ते सांगितले. यांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. सुंडल (उकडलेले हरभरे, वर खोबरे) खाल्ले. लाटांचा आवाज दोन्ही कानांनी ऐकला.

घरी परतलो तेव्हा मुलीला घेऊन सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय निघालं?" त्यांनी विचारले. हे बोलणार, तोच मी यांच्याकडे पाहिले. हे वळकटी उतरवू लागले.

"कानात मळ होता," मी म्हणाले.

"मळ? म्हणजे तेल कमीच पडलं. मी म्हणतच होते."

माझी धास्ती मी आठ महिने मनात ठेवली. मुलगी माझ्या हातून पडेल, ही धास्ती सासूबाईंनाही होतीच. त्यांनी नुसते माझ्या पायांकडे पाहिले. मी सरळ उभी होते. मग त्यांनी मुलीला पुढे केले. तिचे वजन वाढले होते. तेलाचे शनिवारी बघू, असे म्हणून मी तिला घेऊन उंबरा ओलांडला.