बिनतिखट धपाटे

आम्ही महाबळेश्वरला निघालो की नांदेडच्या आमच्या गल्लीतल्या शेजारीणबाई धपाट्यांचा डबा आणून द्यायच्या. माझे तिखट, बायकोचे बिनतिखट. "हाटेलात न्हाई, तळ्याकाठी बसून खावा," असा हुकूमच. स्वतः कधी गेल्या नाहीत, पण परतलो की विचारायच्या, "तळं हाय ना तसंच?" बायकोचं उत्तर ठरलेलं, "तळं तसंच हाय, धपाट्यात मीठ तेवढं कमी." मग दोघी लई हसायच्या.

बायको वारल्यावर यंदा पहिल्यांदा एकटा निघालो, तरी डब्यात दोन्ही पुड्या होत्या. तळ्याकाठी बसून आधी बिनतिखट खाल्ले.

परतल्यावर बाई डबा न्यायला आल्या. तळ्याचं न विचारता दारातच डब्याचं झाकण पुसत राहिल्या. शेवटी मीच म्हणालो, "तळं तसंच हाय. मीठ तेवढं कमी होतं."