गच्चीवर ओतलेलं पाणी

"ओता सगळं."

रेक्टरसाहेब एवढंच म्हणाले आणि अंगावर पाणी उडू नये म्हणून त्यांनी धोतराचा सोगा वर धरला. शिपायानं टाकीखालची तोटी उघडली. दोन पिंपं पाणी. वसतिगृहाच्या गच्चीवरून ते पन्हाळीकडे धावलं आणि खाली मुरमात पडलं. मी चार हात लांब पाना धरून उभा होतो. ओठ अजून ओले होते.

उन्हावर पाणी तापवायची ही सगळी योजना ज्यांची, ते पदार्थविज्ञानाचे सर धावत वर आले. "अहो, काय झालं?"

"यानं खाली नळाला तोंड लावलंय. पोरांच्या आंघोळीचं पाणी आहे. पूजेचा तांब्याही तिथंच भरतात."

"तो ख्रिस्ती आहे, साहेब."

रेक्टर माझ्याकडे बघून हसले. "धर्म बदलला म्हणून तोंड बदलतं काय रे?"

मी हसलो. हो, मीही हसलो. आज पन्नास वर्षांनी लिहिताना त्यांच्या बोलण्यापेक्षा माझं ते हसूच जास्त टोचतं.

बाहत्तरचा हिवाळा होता. पाऊस नव्हताच. नगर जिल्ह्यातलं एक मोठं कॉलेज, तीन वसतिगृहं, आणि बंबाला सरपण मिळेना. सरांनी कुठल्याशा मासिकात वाचून पेट्या बनवून घेतल्या. पत्र्याची उथळ पेटी, आत काळा रंग दिलेल्या नळ्या, वर काच. ऊन काचेतून आत जातं, नळीतलं पाणी तापतं आणि आपसूक वरच्या टाकीत चढतं. मिशनच्या कारखान्यात मी नळकाम शिकलेलो. तीन महिने त्या गच्च्यांवर मीच होतो. पेट्या दोरानं वर ओढल्या, कोणत्या दिशेला किती कलत्या ठेवायच्या ते काठी रोवून सावलीवरून ठरवलं, टाक्यांना भुशाचं पांघरूण घातलं. पहिल्यांदा त्या पाण्याचा हाताला चटका बसला तेव्हा सरांनी मला मिठी मारली होती. ते मी विसरत नाही. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

हे वसतिगृह नवं, म्हणून त्याच्या कठड्याला भोक पाडायला परवानगी मिळाली नाही. मग मी नळी कठड्यावरून उचलून पलीकडे खाली न्हाणीघरात उतरवली. अशा नळीत हवा अडकते. ती काढायची रीत आमच्या धंद्यात एकच. खालच्या नळाला तोंड लावायचं आणि पाणी येईपर्यंत जीव खाऊन ओढायचं. गंजाची, पत्र्याची चव येते, छाती दुखते. एकदा पाणी आलं की येतच राहतं. तेच करताना रेक्टरसाहेबांनी मला बघितलं होतं. तेच पाणी मी बादल्यांनी चाळीस पायऱ्या चढवून वर नेलं, तेव्हा माझे हात चालले होते.

टाकी धुतली, आत गोमूत्र शिंपडलं. मला गच्चीवरून खाली जायला सांगितलं. जिन्यात सरांनी खांद्यावर हात ठेवला. "मनावर घेऊ नकोस. जुनी माणसं आहेत. सोमवारी उद्घाटन नीट पार पडू दे, तुला कायम करून घेतो."

"हो सर," म्हणालो.

कायम म्हणजे काय, हे त्या साली दुष्काळी भागातल्या माणसाला विचारावं. माझी आई तिसगावजवळ दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी कायम झालो की तिचा हातोडा सुटणार होता. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

तो शनिवार होता. संध्याकाळी एस.टी.नं घरी गेलो. आई नुकतीच कामावरून आली होती. हात कोपरापर्यंत पांढरे, पदरात कामावर वाटलेल्या सुकडीचा पुडा. टँकर दोन दिवसांनी आला होता आणि तिच्या वाट्याला अर्धा हंडा. त्यातला पेलाभर तिनं माझ्यापुढं ठेवला. तो बघितला आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

"किती पानी ओतलं म्हनला?"

"दोन पिंपं."

ती हंड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आन तू काय म्हनलास?"

"काय न्हाई. हासलो."

"मंग त्यो ओतनारच की."

एवढं बोलून ती भाकरी थापायला बसली. मला तिचा भयंकर राग आला. तुझ्यासाठीच गप्प बसलो, असं ओरडावंसं वाटलं. रविवारी प्रार्थनेला पाळकसाहेब नेमके क्षमेवर बोलले. माझ्या डोक्यात ती पन्हाळ वाहत होती. आईचं काय चुकलं होतं? काहीच चुकलं नव्हतं, म्हणून तर राग येत होता.

सोमवारी सकाळी वसतिगृहापुढं मांडव. न्हाणीघराच्या नळाला झेंडूची माळ. मोठे पाहुणे आले. टाकीत परत पाणी भरलं होतं, रविवारच्या उन्हानं ते चांगलं तापलंही होतं. पण टाकी एकदा रिती झाली की नळीत पुन्हा हवा शिरते आणि ओढल्याशिवाय पाणी कठडा ओलांडत नाही. हे मला माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

पाहुण्यांनी नळ फिरवला. फुस्स. पुन्हा फिरवला. फुस्स. कुणीतरी खोकलं. सरांनी पाहुण्यांना चहाला म्हणून बाहेर नेलं आणि धापा टाकत परत न्हाणीघरात माझ्याकडे आले. मागं रेक्टरसाहेब.

"तेवढी हवा काढ पटकन. दार लावून घेतो. कुणी बघणार नाही."

"तोंड लावावं लागंल, सर."

"लाव ना मग!"

मी रेक्टरांकडे बघितलं. "आन मंग परत टाकी ओतनार का, सायेब?"

ते खाली बघत म्हणाले, "ते नंतर बघू."

नोकरी तिथं हाताच्या अंतरावर होती, फक्त वाकायचं होतं. तरी माझा आवाज बाहेर मांडवापर्यंत गेला.

"मी न्हाई लावनार. तुमीच लावा तोंड. तुमचं चालतंय की."

रेक्टरांचा चेहरा काळवंडला. त्यांचं मला काही वाटलं नाही. मी सरांकडे बघत होतो. मनात होतं, ते वाकतील. त्यांचीच योजना, त्यांचाच नळ. त्यांनी नळाकडे बघितलं, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "असं करू नये रे. मी तुझ्यासाठी किती केलं."

तेव्हा कळलं. त्यांना माझा विटाळ नव्हता. पण तोंड लावणं हे काम माझ्यासारख्याचंच, हे त्यांच्याही हाडात मुरलेलं होतं.

मी पाना पिशवीत टाकला आणि बाहेर पडलो. जिन्यापाशी भटारखान्यातला आचारी चुलीवर तापवलेल्या पाण्याची बादली घेऊन घाईघाईनं आत जाताना दिसला. थोड्या वेळानं मागं टाळ्या वाजल्या. सूर्याच्या नावानं.

कायम झालो नाही. त्या आवारात पुन्हा कुणी उभंही केलं नाही. आईनं पुढचा अख्खा उन्हाळा खडी फोडली आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा कायमचा वाकडा झाला. तिनं मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. मी स्वतःला लावतो, अधूनमधून. पण तो दिवस परत आला तर तेच करीन.

पुढं जन्मभर नळकामच केलं. बंगले, दवाखाने, देवळांच्या धर्मशाळा. काम हातात घेण्याआधी मालकाला तोंडावर सांगतो: नळ सुरू झाला की पहिलं पाणी मी पिणार, नळाला तोंड लावून, तुमच्यासमोर. चालत नसेल तर दुसरा फिटर बघा.

काहींनी दुसरा बघितला. बघू देत.