आयतवारचं मीठ

सलाईन संपलं होतं. जीप ते आणायला कर्जतला गेली होती. खालापूर तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात दामूअण्णा जुलाबांनी गळून पडले होते. डोळे खोल गेलेले, नाडी बारीक. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, मी साखर-मिठाचं पाणी करून पाजायला सांगितलं होतं. तांब्याभर पोटात गेलं, तरी जुलाब वाढलेच. मी पेला चाखला. नुसतं गोड!

"काकू, मीठ कुठंय?"

"नाय टाकलं, बाई. आज आयतवार हाय ना, त्यांचं अळणी असतंय."

सूर्यनारायणाचं व्रत. रविवारी मीठ बंद. मी कपाळाला हात लावला.

"अण्णा, अशानं जीव जाईल तुमचा!"

"जाऊ दे. बारा वर्सं मोडलं नाय, आज कसं मोडू?"

मला राग आला, आणि भीतीही वाटली. शेवटी मी त्यांना आतड्याचं गणित सांगायला बसले. आतड्याचं अस्तर बारीक पेशींचं असतं. प्रत्येक पेशीला पातळ आवरण, आणि त्यात साखर-मिठाला जोडीनंच आत घेणारं एक दार. नुसती साखर बाहेर ताटकळते, वर पाणीही आतड्यात ओढते. आत आलेलं मीठ पेशी मागच्या बाजूनं बाहेर फेकते. फुकट नाही, स्वतःची शक्ती खर्चून. तुमच्या शेतावरचा पंप डिझेल खातो ना, तसं. आत मीठ कमी राहतं, म्हणून पुढून आणखी मीठ शिरतं, साखरेला घेऊन. त्यांच्यामागं पाणी.

"म्हंजी मीठ आत ठेवीत नाय?"

"पेशी ठेवत नाही. आलं की बाहेर."

अण्णांनी काकूंकडे मान वळवली.

"मंग अळणी मोडलं कुठं? आण गं मीठ!"

'बाहेर' म्हणजे रक्तात, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते पीत होते.

घोट घोट करत चार तांबे गेले. जीप आली तेव्हा अण्णा उठून बसले होते आणि उशीर केला म्हणून ड्रायव्हरला झापत होते. मला रडू येईल इतकं बरं वाटलं.

आठ दिवसांनी, सोमवारी काकू तणतणत आल्या. मागोमाग अण्णा.

"काय शिकवून ठेवलंत, बाई? काल आयतवारी खारट सुकटीचं कालवण मागून खाल्लं! म्हनं पेशी बाहेर टाकतात, तू मदी पडू नको."

मग मी राहिलेलं सांगितलं. मीठ पेशीतून जातं ते थेट रक्तात.

"जाऊ दे की," अण्णा म्हणाले. "रक्तानं कुठं व्रत धरलंय?"

पेशंटला अर्धं शास्त्र सांगू नये. उरलेलं अर्धं तो आपल्या सोयीनं पुरं करतो.