दादाने तेल घातलेलं दार

माझा भाऊ वर्षातून एकदा, दिवाळीत, पुण्याहून आमच्याकडे नॉइडाला येतो. चार दिवस राहतो आणि उरलेलं वर्षभर आमच्या घरात त्याचीच आरती चालू असते.

आरती करणारे आमचे बाबा. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असतात. त्यांच्या बीपीच्या गोळ्या मी आणते, दातांच्या डॉक्टरकडे मी नेते, आमटी अळणी झाली की बोलणी मी खाते. आणि गुण कुणाच्या हाताला? तर दादाच्या.

यंदा निमित्त झालं गराजच्या दाराचं. आमचं घर तळमजल्यावर, शेजारी गराज, त्याला दोन झडपांचं जुनं लोखंडी दार. रोज सकाळी मेट्रो स्टेशनपर्यंत जायला मी गाडी काढते. उजवी झडप उघडली की दार असं किंचाळायचं की वरच्या मजल्यावरच्या आंटी बाल्कनीत यायच्या. "बेटा, इसका कुछ करवा लो ना यार," म्हणायच्या. वय सत्तर, तरी यार.

दिवाळीत बाबांनी दादाला सांगितलं, "अरे, जरा बघ हे दार." दादाने बाथरूममधली खोबरेलची बाटली उचलली, बिजागऱ्यांवर धार धरली, दार चारदा हलवलं. आवाज बंद! बाबांचा चेहरा असा फुलला, जसं काही त्याने विमान दुरुस्त केलं.

"शेवटी फिटरचा मुलगा," ते म्हणाले.

मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मी काय शेजाऱ्यांची होते?

ही जळजळ आजची नाही. लहानपणी कारखान्यातून आले की बाबा सायकल उलटी करून बसायचे. दादाच्या हातात पाना द्यायचे आणि माझ्या हातात बॅटरी. "नीट धर, उजेड हलवू नकोस." किती संध्याकाळी मी नुसता उजेड धरला. दादाला पाना फिरवायचा कंटाळा यायचा, त्याचं लक्ष बाहेरच्या क्रिकेटमध्ये. माझी सगळी नजर त्या पान्यावर. पण "बाबा, मला द्या ना" म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही.

डिसेंबर उजाडला, धुकं आलं, आणि दार पुन्हा सुरू. आधी नुसतं किंचाळायचं, आता अडायलाही लागलं. मी खांदा लावून ढकलायचे आणि आतून बाबा ओरडायचे, "जोर लावू नकोस गं! दादा येईल तेव्हा बघेल."

"मी मिस्त्री बोलावते."

"नको. उगाच कुणी तोडून ठेवेल. त्याच्या हाताला गुण आहे."

झालं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, थांबा, दाखवतेच.

जानेवारीतला रविवार. अकराला जरा ऊन पडलं तसे बाबा कानटोपी घालून पार्कात गेले. मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन ग्रीस, पॉलिश पेपर आणि हातोडी मागितली. दुकानदार म्हणाला, "मैडम, सर को भेज देते." म्हटलं, सर झोपलेत. नवरा खरंच झोपला होता.

घरी येऊन उजव्या झडपेला कान लावला आणि ती बोटभर बोटभर हलवली. वरची बिजागरी गप्प. खालचीही गप्प. बोंब मारत होती ती मधली. नखाने खरवडलं तर काळपट, मेणासारखं काहीतरी निघालं. नाकाशी नेलं. तेव्हा मला माझ्या शाळेतल्या वेण्यांचा वास आला.

खोबरेल! दिल्लीच्या थंडीत आमची खोबरेलची बाटली नोव्हेंबरपासून पांढरी दगड असते, डोक्याला लावायची तर तासभर उन्हात ठेवावी लागते. गराजला तर हिवाळाभर ऊनच नाही. दादाचं तेल त्या बिजागरीत थिजलं होतं, त्यात इथली धूळ बसली होती, आणि दोन्ही मिळून त्यांनी खीळ आवळून धरली होती. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले. हाच तो गुण! लाज वाटली थोडी, पण आनंद जास्त होता.

मग झडपेखाली विटा सारल्या. केस वाळवायचा ड्रायर आणून बिजागरीवर धरला. तेल वितळून ओघळलं. खालून जाड खिळा लावून हातोडीने खीळ वर काढली, गंज घासला, ग्रीस भरलं, खीळ परत ठोकली. विटा काढून दार ओढलं. आवाजच नाही.

बाबा आले तसं मी दार उघडलं, लावलं, परत उघडलं. म्हटलं, आता म्हणतील. म्हणा की एकदा, फिटरची मुलगी.

बाबांचं तोंड उतरलं. ते गराजमधल्या स्टुलावर बसले. "कशाला केलंस?"

"कशाला म्हणजे? तुमच्या लेकाने खोबरेल घातलं होतं. थिजून बसलं होतं ते!"

"माहितीये."

"काय माहितीये?"

"अगं, जन्मभर फिटर होतो मी. लोखंडाला खोबरेल चालत नाही, एवढं मला कळत नाही होय?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर दार नीट झालं असतं." त्यांनी कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नुसतं 'ये' म्हटलं की त्याला सुट्टी नसते. काम आहे म्हटलं की येतो. या महिन्याअखेरीला दोन दिवस येणार होता, दारासाठी. आता काय सांगू?"

"आणि मी?" माझा आवाज चढला. पन्नाशीची बाई मी, आणि डोळ्यांत पाणी.

"तुझं काय?" बाबांना खरंच कळलं नव्हतं. "तू तर इथंच आहेस. तुला कुठं बोलवावं लागतं?"

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दादासाठी बाबांनी अख्खं दार बिघडू दिलं होतं. माझ्यासाठी जन्मात कधी एक स्क्रू ढिला ठेवला नाही.

तेवढ्यात दादाचा रविवारचा फोन आला. बाबांनी सवयीने स्पीकर लावला.

"बाबा, काय म्हणतंय दार?"

बाबांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना खोटं बोलता येत नाही. माझे दोन्ही हात ग्रीसने काळे होते. "मी केलं" एवढंच म्हणायचं होतं. लहानपणापासूनचं सगळं फिटलं असतं.

"वाजतंय रे," मी म्हटलं. "फार वाजतंय. ये तू."

"अरे यार, मी तर तेल घातलं होतं."

"घातलं होतंस. पण तुझाच हात लागायला हवा, बाबा म्हणतात."

"चल, येतो मग. तिकीट बघतो."

फोन ठेवून बाबांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी बोलतील.

"काम चोख केलंयस," ते म्हणाले. आणि मग, जरा चाचरत, "तो यायच्या आदल्या दिवशी तेवढं ग्रीस पुसून काढशील ना गं?"

"बघू," मी म्हटलं.