दत्तूची सात हात दोरी

बातमी आली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. दत्तूचा पुतण्या अंगणातच उभा राहिला, ओटीवर चढेना, तेव्हाच काय ते कळलं. “काका सकाळी गेले,” एवढंच तो म्हणाला. मी हात धुतला, टोपी घातली आणि त्याच्यामागून चालू लागलो. वाटेत रडू आलं नाही. मनात एकच घोळत होतं... दत्तूला एक गोष्ट सांगायची राहून गेली. दहा वर्षं मी आज सांगू, उद्या सांगू करीत होतो, आणि आता ऐकणारा माणूसच राहिला नाही. त्याला जाऊन दीड महिना होत आला, तरी तो सल जात नाही.

आम्ही दोघं रत्नागिरीच्या बंदर कचेरीत एकाच वर्षी लागलो. मी कारकून, तो शिपाई. चारचौघांत तो मला ‘रावसाहेब’ म्हणे आणि एकटे असलो की “काय रे मेल्या” म्हणून हाक मारी, कारण मांडवीच्या एकाच शाळेत आम्ही एकाच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या होत्या. त्याची नेमणूक किल्ल्यावरच्या टेहळणीच्या खोलीत होती. आगबोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू मचव्यातून धक्क्याला येत. लाटा कशा आहेत, मचवा सोडावा की थांबवावा, हे दत्तूने वरून टेलिफोनवर सांगायचं. टेलिफोन मेजावरचा, उभा. पण त्याची भिंतीकडे जाणारी दोरी जेमतेम दोन हात. खिडकी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. समुद्र पाहून धावत येऊन बोलेपर्यंत खाली लाटेचा रंग बदललेला असे. एकदा असाच एक मचवा धक्क्याजवळ आडवा झाला. माणसं वाचली, पण दत्तू दोन दिवस नीट जेवला नाही.

“रे, ही दोरी लांब केली तर? खिडकीत उभा राहून बोलेन,” तो मला म्हणाला. वर अर्ज करून उत्तर यायला पावसाळा उजाडला असता. मी म्हटलं, “कर तू. विचारलं कोणी तर मी बघतो.” हे माझे शब्द. ते मी विसरलेलो नाही.

पक्कड, चाकू, दाभण आणि जाळ्याचं सूत पिळायची चाती, एवढीच त्याची हत्यारं. आधी त्याने तांब्याची नुसती तार घातली. उचलठेव करून ती आठवड्यात मोडली. मग त्याने एक कुजलेली जुनी दोरी उभी चिरली. आत सुताचा धागा आणि त्यावर केसाएवढी बारीक, चपटी तांब्याची पट्टी गुंडाळलेली. “अरे, ही तर जर!” तो ओरडलाच. पुढच्या रविवारी तो कुठूनशी खरी जर घेऊन आला. धागे एकत्र पिळून त्याने तीन पेड केले, प्रत्येकावर मेण चोळलेलं रेशीम घट्ट गुंडाळलं, खारी हवा आत जाऊ नये म्हणून वरून पुन्हा मेण दिलं, आणि बायकोची वेणी घालावी तशी सात हात वेणी घातली. टोकांना तांबटाकडून डाख लावून आणला. मी खालच्या कचेरीतून टेलिफोनची फिरकी फिरवली, तर आवाज असा स्वच्छ की वर वारा किती आहे तेही ऐकू यावं. त्यानंतर दोन हंगाम एकही मचवा आडवा झाला नाही.

मग तपासणीला साहेब आले. सरकारी यंत्राला ही असली दोरी कोणी लावली, कोणाच्या हुकमावरून, असं त्यांनी विचारलं. “मी केली, साहेब,” दत्तू म्हणाला. “आणि हुकूम?” दत्तूने माझ्याकडे पाहिलं. माझी हेडक्लार्कची जागा त्या महिन्यात ठरायची होती. मी म्हणालो, “मला काही कल्पना नाही, साहेब.” दत्तूने मान खाली घातली. त्याने माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. दोरी काढून फेकली गेली. दत्तूची बदली दूरच्या खाडीवरच्या एका नाक्यावर झाली. तिथे त्याला हिवतापाने धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. सुट्टीवर आला की माझ्याकडे यायचा, चहा प्यायचा, “काय रे मेल्या” म्हणायचा. मी तोंड उघडायचो आणि हवापाण्याचं बोलायचो. भ्याड माणसाला विषय बरे सुचतात.

गेल्या आठवड्यात दत्तूच्या बायकोला, आनंदीवहिनींना, भेटायला गेलो. बोलता बोलता दोरीचा विषय निघाला, तशा त्या आत गेल्या आणि त्यांनी ट्रंकेतून लग्नातला शालू आणला. पदर उघडला. नुसतं रेशीम, जरीचा एक धागा नाही.

“मीच उसवून दिली, भावजी. म्हटलं, माणसा बुडतील त्यापरीस शालू उघडा बरा.” मग त्या डोळे पुसून म्हणाल्या, “बदली झाली तेव्हा तुमी साहेबाच्या लई पाया पडलात म्हने. हे नेमी सांगायचे, ‘तेनी माज्यासाटी जीव तोडलान.’ तुमचे उपकार हायत आमच्यावर.”

मी ‘नाही’ म्हणू शकलो नाही. त्यांनी पुढे केलेलं कोकमचं सरबत प्यालो आणि निघून आलो. माझं तोंड वहिनींपुढे काळं होऊ नये म्हणून दत्तू आपल्या बायकोशी दहा वर्षं खोटं बोलला होता, आणि तेच खोटं मी त्याच्या माघारी गपचूप गिळून घरी आलो.

वहिनींना अक्षरओळख नाही. हा मजकूर छापून आला की त्यांना तो दुसऱ्या कोणी वाचून दाखवू नये, एवढी मांडवीकरांना विनंती आहे. मी जाणार आहे. मीच वाचीन.