चार बोटं पुढे

शिडं शिवणाऱ्या त्या गृहस्थांना होड्यांच्या क्लबात सगळे नियमबुवा म्हणायचे. त्यांच्या कामाच्या खोलीत जमिनीत खड्डा करून शिलाई मशीन बसवलेलं होतं, म्हणजे भलंमोठं शीड जमिनीवर सपाट पसरूनच सुईखाली सरकवता यावं. बुवा दिवसभर त्या खड्ड्यात कमरेपर्यंत बुडालेले. शर्यतीत कुणाचं कुणाशी वाजलं की दोघंही आधी त्या खड्ड्याच्या काठाशी येऊन बसत, आणि बुवा मशीन न थांबवता नियमाचं कलम सांगत. पुस्तक कधी उघडावं लागलं नाही.

रविवारी ते स्वतःही शर्यतीत उतरत. सुकाणू त्यांच्या हातात, पुढचं शीड बायकोकडे. बावीस वर्षांत चषक एकदाही मिळाला नव्हता. बुवांना नियम पाठ आहेत, फक्त वारा पाठ नाही, अशी त्यांची चेष्टा व्हायची. तेही हसायचे.

त्या वर्षी मात्र शेवटच्या शर्यतीपर्यंत चषकासाठी दोघंच उरले: बुवा आणि शहरात बस चालवणारी एक बाई. ती तीनच वर्षांपूर्वी होडी शिकली होती, तीही बरीचशी बुवांना विचारून विचारून. अर्ध्या शर्यतीत दोघांच्या वाटा एकमेकींना छेदायला आल्या. वारा बुवांच्या उजव्या अंगाने येत होता, तिच्या डाव्या. अशा वेळी उजव्याला वळावं लागणार नाही एवढी वाट द्यायची, हा पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम. ती बुवांच्या पुढून आरामात निघून जात होती. पण बुवांचे डोळे वर शिडाकडे लागलेले. मान खाली आली तर समोर तिची होडी. ते दचकले, सुकाणू ओढलं आणि "तक्रार!" असं ओरडून मोकळे झाले. तक्रारीचं लाल निशाणही लावलं. पुढच्या वळणाच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत त्यांना कळून चुकलं होतं की जागा भरपूर होती.

सुनावणी क्लबातच झाली. टेबलावर बोटाएवढ्या लाकडी होड्या होत्या. बसवालीने दोन्ही होड्या जशा होत्या तशा मांडल्या आणि मध्ये दोन होड्यांचं अंतर होतं असं सांगितलं. मग बुवांची पाळी आली. तक्रार मागे घेतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्यांनी बोटाने आपली होडी चार बोटं पुढे सरकवली.

"मी वळलो नसतो तर धडक होती," ते म्हणाले.

पंचांनी बायकोलाही विचारलं. आपण दोर आवळत होतो, लक्ष नव्हतं, असं ती म्हणाली. मग फारसं काही उरलं नाही. बुवा सांगतायत म्हणजे तसंच असणार, असं एक पंच बोलूनही गेला. बसवाली बाद झाली.

चषक घेऊन दोघं घरी आली. कुलूप उघडताना बायको म्हणाली, "मला दिसलं होतं."

तिने चषक कपाटात चादरींच्या मागे ठेवून दिला.

तीन आठवड्यांनी बसवाली फाटलेलं शीड घेऊन आली. तिच्या मनात राग नव्हता, तेच बुवांना झेपेना. ती खड्ड्याच्या काठाशी वही घेऊन बसली आणि अंतर कसं जोखायचं ते विचारू लागली. बुवांनी सांगितलं, तिने लिहून घेतलं. जाताना सहज म्हणाली, "माझी नजरच दगा देते बहुतेक. हल्ली बस चालवतानाही भरवसा वाटत नाही. सारखी आधीच ब्रेक मारते, लोक वैतागतात."

त्या दिवशी बुवांकडून एक सरळ शिवण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ते क्लबाच्या सचिवांकडे गेले आणि सगळं लिहून दिलं. सचिवांनी कागद दोनदा वाचला. पुन्हा सुनावणी मागायची मुदत टळली होती. झाकलेलं झाकलेलं राहू दे, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. बुवांनी ऐकलं नाही. शेवटी बुवांचं नाव निकालातून गेलं, दोन वर्षं शर्यतीची बंदी आली. पण बसवाली बाद ती बादच राहिली. चषक तिसऱ्या आलेल्या दातांच्या डॉक्टरला मिळाला, ज्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

हे तिला क्लबाच्या फलकावर वाचायला लागू नये म्हणून बुवा तिच्या बसमध्ये चढले. शेवटच्या थांब्यापर्यंत मागे बसून राहिले. सगळे उतरल्यावर पुढे गेले, दांडा धरून उभे राहिले.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "दोन होड्यांचं अंतर होतं. मी खोटं बोललो."

ती बराच वेळ आरशात बघत राहिली, मागच्या रिकाम्या बाकांकडे.

"म्हणजे मला नीट दिसत होतं," ती म्हणाली. मग त्यांच्याकडे वळून, "तीन आठवडे, बुवा. तीन आठवडे मी जीव मुठीत धरून गाडी चालवतेय."

माफ कर, हे शब्द बुवांनी येताना घोकले होते. ते आता फार तोकडे वाटले. तिने दार उघडलं, ते उतरले.

बस चौकातून वळून परत आली आणि नियमाप्रमाणे थांब्यावर उभी राहिली. तिथे बुवा एकटेच होते. दार उघडलं. ती समोर रस्त्याकडे बघत वाट पाहत होती, जेवढी कुणाही प्रवाशाची पाहिली असती तेवढीच. बुवांनी नुसतं मानेनेच नको म्हटलं. बस गेली, आणि ते सगळं शहर तुडवत पायी घरी आले.